पाठुंगळीवरचं भूशास्त्र

मामा, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. विभागप्रमुखांनी दोनदा माझ्याकडे बघून मान हलवली आणि दोन्ही वेळा मी चष्मा पुसत बसले. लोकांना वाटलं, मॅडमना हुंदका आवरत नसेल. हुंदका वगैरे काही नव्हता. मी संतापले होते. हार घातलेल्या फोटोसमोर संतापणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प राहिले.

एकेक जण उठत होता आणि फिरून फिरून तेच सांगत होता. सर्जेराव मामांमुळे आपल्या भूशास्त्र विभागातला एकही दिव्यांग विद्यार्थी अभ्याससहलीला मुकला नाही. एकही नाही म्हणे. अहो, आम्ही होतो किती? एक मी, माझ्यानंतर काही वर्षांनी आलेला कुबड्यांवरचा एक मुलगा आणि आता ही रुतुजा. बाकीच्यांनी विभागाच्या बावीस पायऱ्या खालूनच पाहिल्या आणि कॉमर्सला नाव घातलं. कॉमर्स तळमजल्यावर आहे. सांगलीत पाय अधू असलेल्या मुलांना हिशेबाची एवढी आवड का, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. चेहरा दुःखी, पण सूर कामाचा. मामा गेले, आता रुतुजाला डोंगरावर कोण नेणार? तेव्हा तिच्याकडून अर्ज घेऊ, फील्डवर्कमधून तिला सूट देऊ आणि त्याऐवजी लेखी काम देऊ. मोठ्या मनानं देत होते. दुकानात सूट मिळाली की वस्तू स्वस्तात घरी येते. आमच्यासारख्यांना सूट मिळाली की वस्तूच मिळत नाही, आणि वर आभार मानायचे असतात.

बघा मामा, आपण इतकी वर्षं ज्यावरून भांडलो त्याचा निकाल तुम्ही गेल्यावर पाच दिवसांत लागला. मी म्हणायचे, तुमची पाठ आहे तोवर हे लोक काही करणार नाहीत आणि तुमची पाठ नसेल त्या दिवशी दार बंद होईल. तुम्ही म्हणायचात, "आवं, आमी हाय की." आता तुम्ही नाही. मी जिंकले. असलं जिंकून मी काय करू?

तुमची माझी ओळख त्या बावीस पायऱ्यांवरच झाली. मी अठरा वर्षांची. दोन वर्षांची असताना पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, हातात कुबड्या. बाबा कुपवाडला कारखान्यात कामाला होते. पहिल्या पाळीच्या आधी त्यांनी मला दुचाकीवरून कॉलेजच्या दारात सोडलं आणि ते गेले. मी जिन्याकडे बघत उभी. तुम्ही वरून खाली आलात. खाकी कपडे, सहा फूट उंची, फौजेतून निवृत्त होऊन प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलेले. माझं नावगाव न विचारता पाठ करून खाली बसलात आणि म्हणालात, बस. मी लाजून मेले. मग तुम्ही मान मागं वळवून म्हणालात, "बस पोरी. फौजेत क्याजुल्टी मागं टाकत न्हाईत."

क्याजुल्टी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं तेव्हा वाईट वाटलं आणि नंतर राग आला. जखमी माणसाला रणांगणावरून बाहेर उचलून नेतात, मामा. मला आत जायचं होतं. पण हे मी तुम्हाला सांगायला कितीतरी वर्षं घेतली, आणि सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात.

तरी कबूल करायला हवं, तुमच्यासारखं कुणी नव्हतं. पहिल्या वर्षीची सहल आठवते? सातारच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला गाडी थांबली आणि तेव्हाच्या सरांनी मला सांगितलं, तू गाडीतच बस, आम्ही नमुने आणून देतो. मी हो म्हणाले. सवयच होती हो म्हणायची. तुम्ही हातोड्यांची पिशवी खाली ठेवलीत आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसलात. सर म्हणाले, मामा चला. तुम्ही म्हणालात, "सायब, मग मी बी बसतो. दगडं तुमीच फोडा." सगळा वर्ग थांबला. सरांना हातोडा धरायचा कसा हे पुस्तकातून ठाऊक होतं. दहा मिनिटांत मी तुमच्या पाठीवर होते. तुम्ही मला कधी बिचारी म्हणाला नाहीत आणि उचलण्याआधी कुणाची परवानगी मागितली नाहीत.

माझीही मागितली नाहीत. आता हे लिहिताना लक्षात येतंय.

तीन वर्षं मी सातारा-सांगलीचे डोंगर तुमच्या पाठीवरून शिकले. मला आठवतं ते मुख्यतः तुमचं मानगूट. खोबरेल तेल लावलेले करडे केस आणि कॉलरला घामाची पांढरी रेघ. तुम्ही एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं कातळावर हातोडा मारायचात आणि फुटलेला तुकडा खांद्यावरून मागं द्यायचात. घे, आत गारगोटी हाय बघ. तुम्ही निवडलेला तुकडा चांगलाच असायचा, वर्गातल्या अर्ध्या पोरांपेक्षा तुम्हाला दगड जास्त कळायचा. पण कुठं मारायचं, कुठं थांबायचं, कुठं वाकून बघायचं हे तुमची पाठ ठरवायची. सगळ्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्याचं ऐकलंय, मी पाठुंगळीवरून डोंगर हाकले.

आणि त्यातून तो गोंधळ झाला. रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मधला लाल मातीचा पट्टा जमिनीपासून किती उंच आहे ते लिहायचं होतं. सरांनी सांगितलं होतं, टेप नसेल तर आपली नजर हे माप. उभं राहून समोर बघा, नजरेला येईल ती उंची पाच फूट धरा. मी समोर बघितलं. पट्टा नजरेच्या जरा खाली. मी साडेचार फूट लिहिलं. सगळ्या वर्गाचा पट्टा सहा फुटांवर. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, त्यांनी वही उघडून विचारलं, तुमच्यापुरता डोंगर खचला होता का? मी घाम फुटेपर्यंत विचार केला तेव्हा उमगलं. मी पाच फूट धरले, पण तुम्हाला धरायचं राहिलं. सहा फुटी माणसाच्या पाठीवर बसून मी स्वतःला जमिनीवर उभी समजत होते.

मार्क गेले. बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की भिंतीला टेकलात. मग म्हणालात, मला का न्हाई मांडलंस वहीत? मीही हसले. आज हसू येत नाही. तुम्हाला कुणीच कुठल्या कागदात मांडलं नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात 'दिव्यांगस्नेही परिसर' असं छापलेलं असतं. तो परिसर म्हणजे तुम्ही होतात. उतार नाही, लिफ्ट नाही, प्रयोगशाळेतली टेबलं छातीएवढी उंच. तपासणीला समिती आली की तुम्हाला इस्त्रीचे कपडे घालून जिन्यापाशी उभं करायचे.

मी शिकवायला त्याच विभागात आले आणि तुम्ही एका दिवसात 'पोरी'वरून 'म्याडम'वर गेलात, 'तू'चं 'तुमी' झालं. पाठ मात्र तीच. शिक्षिका झालेल्या बाईनं पाठुंगळी बसायचं नाही, असं मी ठरवलं. कॅलिपरचा आवाज करत, कठड्याला धरून बावीस पायऱ्या चढायला लागले. पंधरा मिनिटं लागायची. तुम्ही मागं दोन पायऱ्यांवर उभे राहायचात, हात पुढं करून. डोंगरावर मात्र जायचं कसं, याला उत्तर नव्हतं. म्हणून इतकी वर्षं सहलीला मी गाडीत बसते आणि मुलं नमुने आणून देतात. मी त्यांना सांगते, हा काळा, तो भुरकट, याच्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्यात. पोरं आदरानं ऐकतात.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडत आले. माझं म्हणणं साधं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे. ते सरळ करा. डोंगरमाथ्यावरच भूशास्त्र असतं असं कुणी सांगितलं? रस्त्याकडेला फोडलेले कडे आहेत, सपाट तळाच्या बंद खाणी आहेत, जिथं चाकाची खुर्ची थेट खडकापर्यंत जाईल. अशा जागा निवडा आणि सगळ्या वर्गाला तिथं न्या. एकीला वेगळं काही नको. तुम्हाला ते पटायचं नाही. रस्त्याकडंचा दगड म्हंजे दुकानातला खाऊ, म्हणायचात. डोंगर तो डोंगर. आणि एवढं बोलून झाल्यावर, "तुमी काळजी नका करू, आमी हाय की." त्या वाक्यावर माझं डोकं फिरायचं. रॅम्पचा अर्ज मी नऊ वेळा दिला असेल. दर वेळी उत्तर एकच, मामा आहेत ना.

निवृत्त झालात तरी सहलीला यायचात, गावाहून एसटीनं. रुतुजा आली तेव्हा तर तुम्हाला चेव चढला. विट्याची पोर, वडील सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात कोइमतूरला दुकान घालून बसलेले, आई तिला घेऊन इथं खोलीवर राहते. जन्मापासून कमरेखाली ताकद नाही, पण खुर्ची अशी चालवते की पोरं बाजूला होतात. तुम्ही तिला पहिल्या दिवशी पाठ दिलीत. ती बसली. माझ्यासारखीच हो म्हणाली.

दिवाळीनंतर मी तुमच्या गावी आले, रहिमतपूरच्या अलीकडं. जिना चढताना तुमच्या छातीत दुखतं असं कुणाकडून कळलं होतं. ओट्यावर बसून मी तुम्हाला बजावलं की या वेळी सहलीला यायचं नाही. तुम्ही म्हणालात, गुडघं गेल्यात, पाठ न्हाई गेली. मी चिडले. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हणाले, मामा, तुम्ही येता म्हणून कॉलेज काही करत नाही. तुम्ही आलात की आमचं काम अडतं.

तुम्ही अंगणातल्या कोंबड्यांना मूठभर दाणे टाकलेत. मग इतक्या हळू बोललात की मला वाकून ऐकावं लागलं. "म्हंजी इतकी वरसं मीच आडवा पडलो व्हतो म्हना की."

नाही म्हणायचं होतं, मामा. नाही आणि हो, दोन्ही म्हणायचं होतं. मी चहा प्याले, कपबशी बाजूला ठेवली आणि निघाले. तुम्ही गाडीचं दार लावून दिलंत. ते आपलं शेवटचं बोलणं.

तुमच्या दहाव्याला आले तेव्हा मामी मला परड्यात घेऊन गेल्या. पोतं बाजूला केलं. खाली लोखंडी नळ्यांची खुर्ची, दोन्ही बाजूंना डोलीसारखे लांब दांडे, बसायला विणलेली नवी पट्टी. दिवाळीनंतर मी येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तुम्ही कुपवाडला पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसलात म्हणे, दोन दिवस. मामींनी सांगितलं, "त्येनी म्हनले, म्याडमचं म्हननं बरोबर हाय. एका मानसावर काम ठिवायचं न्हाई. आता चौघं उचलत्याल."

मी दहाव्याच्या घरात हसले. तोंडाला पदर लावून हसले आणि मग ते हसणं काही थांबेना आणि त्याचं रडणं झालं. एवढं घसा फोडून सांगितलं त्यातून तुम्ही हे घेतलंत? एक माणूस नको म्हणून चार? जगात माझं म्हणणं इतकं मनावर घेणारा एक माणूस होता, आणि त्यानं ते इतकं उलटं घेतलं. मामींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मी तुमच्या आठवणीनं रडते आहे. तेही होतंच.

विभागप्रमुखांना खुर्चीचं कळलं आणि ते खूश झाले. सूट रद्द, सोय झाली. म्हणाले, पोरं उचलतील, आपण फोटो काढू, अहवालाला होईल. रुतुजाची सहल वाचली म्हणून मी तोंड मिटून घेतलं. एक अट मात्र घातली, जागा मी ठरवणार. तुमच्याच गावाच्या अलीकडं टेकडी फोडून रस्ता काढलाय ती जागा. उन्हाळ्यात मी स्वतः गाडीतून बघून आले होते. डांबराला लागून सपाट मुरूम आणि मुरमाला लागून कडा. चाकं थेट खडकापर्यंत. डोलीची गरजच पडणार नव्हती.

आज आम्ही तिथं गेलो. उतरून बघते तर रस्त्याच्या आणि कड्याच्या मध्ये चर. पावसाचं पाणी जायला नवीनच खोदलेला, मांडीएवढा खोल, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी इतक्या वर्षांची भाषणं त्या चरात गेली. पोरं उड्या मारून पलीकडं गेलीसुद्धा. विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं आणि ते गाडीच्या टपाकडे वळले. चौघांनी तुमची खुर्ची खाली घेतली आणि रुतुजापुढं मांडली.

खरं सांगते, मी हरले होते. मी तिला म्हणाले, आजच्या दिवस बस. माझ्या तोंडून हे निघालं, मामा. मी म्हणाले.

रुतुजानं त्या खुर्चीकडं बघितलं, दांड्यावरून हात फिरवला, चांगली केलीय म्हणाली. आणि मग, "न्हाई मॅडम. ह्यात बसले की फोटो निघंल, आणि फुडच्या वर्षी बी हीच सोय असंल." विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं. मग आता काय करायचं म्हणतेस, असं विचारलं. ती म्हणाली, "चर भरूया की सर. दगडाला काय तोटा हाय हितं?"

कड्याच्या पायथ्याला फुटलेल्या दगडांचा ढीग पडलेला होता. आधी दोघं हसले, मग एकानं एक दगड आणून टाकला. मग सगळेच लागले. मोठे दगड खाली, त्यावर खडी, वर मुरूम. शेताच्या बांधावरून बैलगाडी काढायला जसा भराव करतात तसा. शेतकऱ्यांचीच पोरं, त्यांना शिकवावं लागलं नाही. सव्वा तास गेला. दुपारची दुसरी जागा रद्द झाली आणि त्याबद्दल मला उद्या लेखी खुलासा द्यायचा आहे. पुढच्या आठवड्यात रस्त्याचे लोक येतील आणि पाणी अडतंय म्हणून तो भराव उकरून टाकतील, तेही मला माहीत आहे. रॅम्पचा दहावा अर्ज मी लिहिलाय. त्यावर 'बघू' असं येईल, कारण आता 'मामा आहेत ना' लिहिता येणार नाही.

रुतुजा स्वतः गेली. पुढचं चाक मुरमात रुतलं, तिनं मागं घेतलं, कुणाला तरी तिथं दोन पाय आपटायला लावले, पुन्हा ढकललं. कड्याला चाक टेकलं तेव्हा तिनं पहिला हातोडा मारला तो इतका वाकडा की तुकडा उडून तिच्याच मांडीवर पडला. दुसराही चुकला. कुणी मदतीला हात पुढं केला तर ती त्याच्या अंगावर ओरडली. चौथ्या घावाला तिला हवा तिथून दगड फुटला. मग ती खुर्ची मागं-पुढं करत लाल पट्ट्याच्या कडेनं सरकत राहिली, जिथं वाटेल तिथं थांबत, कुणाला न विचारता.

मी अलीकडंच उभी होते. ज्याला आपल्या ओझ्यानं धाप लागलीय त्याला 'मला कड्याशी खाली ठेवा' असं म्हणता येत नाही, मामा. म्हणूनच त्या तीन वर्षांत मी ते कधी म्हणाले नाही. तुम्ही ऐकलं असतंत की नाही, ठाऊक नाही. म्हणून तर एकदा सांगून बघायला हवं होतं.

मग मीही निघाले. कुबड्या सैल दगडात घसरत होत्या, एकदा बसकण मारली, उठले. कड्याशी पोचले आणि कुबडी काखेत धरून दोन्ही तळवे कातळावर टेकवले. उन्हानं तापला होता. खालचा थर खरखरीत, लाल पट्टा बोटाखाली भुगा होणारा, वरचा पुन्हा कडक. हे मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवत आले.

रुतुजा शेजारी वहीत काहीतरी काढत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "मॅडम, तुमी पयल्यांदा असा हात कवा लावला वो डोंगराला?"

मी तिला सांगितलं, आधी नोंदी पूर्ण कर. पोरीसमोर कबूल करवलं नाही. तुम्हाला सांगते, मामा. आज.